मुलगी प्रॉम कमिटीची ट्रेझरर झाली आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंची मुलगी अकरावीत, म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर इयरला, क्लासची ट्रेझरर म्हणून निवडून आली आहे. पुढच्या वर्षीचा सिनियर प्रॉम, म्हणजे बारावीच्या मुलांचा जेवण आणि नाचाचा समारंभ, याच मुलांनी उभा करायचा आहे. क्लास अ‍ॅडव्हायजर (त्या बॅचची जबाबदारी असलेले शिक्षक) नवीन आहेत आणि त्यांनी पालकांकडे मदत मागितली आहे. ताई स्वतः साताऱ्याला शिकल्या. त्या लिहितात, "आमच्या सेंड-ऑफला एक समोसा, वेफर्स आणि मुख्याध्यापकांचं भाषण होतं. इथे तीनशे माणसांचं लग्न निघाल्यासारखं वातावरण आहे. आधी काय करू, पैसे किती लागतात, आणि कुणाबरोबर जायचं या भानगडीत आईने पडावं का?"

ताई, मी न्यू जर्सीतच एका पब्लिक हायस्कूलमध्ये १४ वर्षं केमिस्ट्री शिकवते. तीन बॅचची क्लास अ‍ॅडव्हायजर होते, आणि बाकीच्या वर्षी शॅपरोन म्हणून, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला, दारात उभी राहिले आहे. तुमची लग्नाची उपमा बरोबर आहे, फक्त एक फरक आहे. लग्नात यजमान खर्च करतो आणि पाहुणा जेवून जातो. प्रॉमला पाहुणाच आपल्या ताटाचे पैसे भरून येतो. त्यामुळे हॉल कुठला, वार कुठला, डीजे कोण, हे सगळं शेवटी तिकिटाच्या आकड्यावर येऊन बसतं, आणि कोण घरी राहणार हे तो आकडा ठरवतो. प्रॉम कसा झाला हे मी फोटोंवरून ठरवत नाही, फोटो सगळ्यांचेच छान येतात. ज्यांनी तिकीट घेतलं नाही त्यांची यादी काढते आणि ती वाचते.

पहिलं काम हॉल. थीम नाही, रंग नाहीत, हॅशटॅग तर नाहीच. आमच्या भागातले तीनशे-साडेतीनशे माणसं मावतील असे बँक्वेट हॉल मे-जूनच्या शुक्रवारांसाठी सव्वा-दीड वर्ष आधी जातात, कारण त्याच शुक्रवारी लग्नं असतात आणि आसपासच्या सगळ्या शाळांचे प्रॉमही. तुमच्याकडे अजून बुकिंग झालं नसेल तर अ‍ॅडव्हायजरना या आठवड्यातच गाठा. गुरुवार घ्यायची तयारी ठेवली तर हॉल मिळतो आणि ताटामागे दहा-पंधरा डॉलर सुटतात. दुसऱ्या दिवशी शाळा असते, पहिल्या तासाला निम्मी मुलं नसतात, प्रिन्सिपॉलना ते चालणार आहे का हे आधी विचारून घ्यावं. शाळेच्या जिममध्येही प्रॉम होतो, त्यात कमीपणा काही नाही. पण जिम फुकट पडते हा गैरसमज आहे. भाड्याची टेबलं-खुर्च्या, लाकडी फरशीवर घालायचं आच्छादन, आणि बास्केटबॉलच्या रिंगा दिसू नयेत म्हणून कापडांवर होणारा खर्च, एवढ्यात हॉलच्या निम्मे पैसे जातात. शिवाय जूनमध्ये एसी नसेल तर मुलं बाहेरच उभी राहतात.

तारीख ठरवताना भिंतीवरचं एकच कॅलेंडर पुरत नाही. मे महिन्याचे पहिले दोन आठवडे एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षांचे, ते सोडा. मेचा शेवटचा सोमवार मेमोरियल डे, त्या वीकेंडला लोक गावाला जातात. शुक्रवारी संध्याकाळी ज्यू मुलांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी सूर्यास्तानंतर संपतो, आणि मेअखेरीस आपल्याकडे सूर्य मावळतो सव्वाआठला. त्यामुळे "मग शनिवार ठेवू" म्हटल्याने कट्टर पाळणाऱ्या घरातल्या मुलांचा प्रश्न सुटत नाही, त्यांना गुरुवारच बरा पडतो. मुस्लिम सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात. २०२५ मध्ये बकरी ईद ६ जूनला होती, म्हणजे ऐन प्रॉमच्या शुक्रवारी, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं ती मे महिन्यातच फिरते आहे. हे सगळं एका कागदावर मांडा आणि मगच हॉलला फोन करा. एका बॅचला आम्ही तारीख आधी घेतली आणि कॅलेंडर मागाहून पाहिलं. नऊ मुलं त्या एका कारणाने आली नाहीत. त्यांच्यापैकी एक स्टुडंट कौन्सिलची सेक्रेटरी होती, आणि आमंत्रणाची चिठ्ठी तिनेच टाइप केली होती.

आता करार. हॉलवाले फोनवर सांगतात, "बहात्तर प्लस प्लस." हे प्लस प्लस म्हणजे या धंद्यातला परवलीचा शब्द. एक प्लस कराचा, दुसरा सर्व्हिस चार्जचा. पब्लिक शाळेने अधिकृत परचेस ऑर्डरवर खरेदी केली तर सेल्स टॅक्स लागत नाही, तेव्हा पहिला प्लस खोडून घ्या. दुसरा मात्र राहतो, आणि तो वीस-बावीस टक्के असतो. म्हणजे ७२ डॉलरचं ताट २२ टक्के धरून ८७ डॉलर ८४ सेंटला पडतं. तिकिटाची किंमत ७२ च्या आकड्यावर ठरवणारी कमिटी मी पाहिली आहे, नंतर त्यांना वर्षभर डोनट विकावे लागले. दुसरी गोष्ट गॅरंटीची. करारात किमान ताटांचा आकडा असतो, मुलं कमी आली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. मागच्या तीन वर्षांची तिकीटविक्री बघा आणि त्यातल्या सगळ्यात कमी आकड्याच्याही थोडं खाली गॅरंटी ठेवा. ताटं वाढवता नेहमी येतात, कमी करता येत नाहीत.

आणि कार्यक्रम रद्द झाला तर डिपॉझिटचं काय, हे कलम मोठ्याने वाचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या बॅचचे ५,००० डॉलर हॉलकडे अडकले. करारात हॉलचं नुकसान झालं तर काय, खुर्ची तुटली तर काय, सगळं होतं, सरकारी आदेशाने कार्यक्रमच करता आला नाही तर काय, एवढंच नव्हतं. हॉलवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत, पुढच्या तारखेला वळते करून दिले. ती पुढची तारीख वापरली धाकट्या बॅचने. ज्या मुलांनी तीन वर्षं थंडीत फुटबॉलच्या मॅचला हॉट चॉकलेट विकून ते पैसे जमवले होते, त्यांना जूनमध्ये पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून डिप्लोमा मिळाला. करारावर सही अ‍ॅडव्हायजरने किंवा पालकांनी करायची नसते, शाळेच्या बिझनेस ऑफिसमधून होते. पण तिथे कागद पाठवण्याआधी वाचायला कुणाची मनाई नाही.

पैशांचा हिशोब एका वर्षाच्या आकड्यांवर दाखवते, म्हणजे मुलीला वही आखता येईल. तिकीट ९५ डॉलर, ३०० तिकिटं विकली. ताट ८७ डॉलर ८४ सेंटचं, म्हणजे तिकिटामागे ७ डॉलर १६ सेंट सुटले, एकूण २,१४८. डीजे २,२००, फोटो बूथ ९००, पोलीस १,५३०, सजावट १,२००, छपाई आणि किरकोळ ३००, ही बेरीज ६,१३०. यानंतर जे सगळे विसरतात ते: शॅपरोन, डीजे आणि फोटोवाला हेही जेवतात. अशी २० ताटं, १,७५६ डॉलर ८० सेंट. आणि १५ तिकिटं आम्ही फुकट दिली, त्यांची ताटं १,३१७ डॉलर ६० सेंट. सगळं मिळून खर्च ९,२०४ डॉलर ४० सेंट, त्यातून तिकिटांची शिल्लक वजा केली की क्लासच्या खात्यातून ७,०५६ डॉलर ४० सेंट गेले. खात्यात ९,००० होते, तीन वर्षांत जमवलेले. ते नसते तर तेच तिकीट ११९ डॉलरच्या आसपास गेलं असतं. फंडरेझरचा उपयोग काय असं मुलीने विचारलं तर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

घरचा खर्च यात धरलेला नाही. ड्रेस दीडशेपासून सहाशेपर्यंत, टक्सिडो भाड्याने दीडशे-दोनशे, शिवाय केस, नखं, फुलं, गाडी. ज्या घरात हे परवडत नाही तिथला मुलगा "मला पैशांची अडचण आहे" असं कधीही सांगत नाही. तो म्हणतो, "प्रॉम बोअर असतो." म्हणून फुकट तिकिटांची घोषणा करू नका आणि अर्ज तर मागवूच नका. ती तिकिटं शाळेच्या काउन्सेलरकडे द्या, कोणाला द्यायची हे त्यांना माहीत असतं, आणि तिकीट दिसायला इतरांसारखंच हवं, नंबरसुद्धा त्याच क्रमात. एक आतली गोष्ट सांगते. टक्सिडो भाड्याने देणारी दुकानं बऱ्याचदा अमुक इतके सूट एका शाळेतून आले की एक सूट मोफत देतात. हा मोफत सूट नेहमी कमिटीच्या अध्यक्षाला मिळतो. आमच्याकडे मी तो नियम बदलला, सगळे मोफत सूट काउन्सेलरकडे. ड्रेसचंही तसंच. मोठ्या बहिणींचे एकदाच घातलेले ड्रेस मार्चमध्ये गोळा करायचे आणि एका रिकाम्या वर्गात दांडीवर लावायचे. पण "गरजूंसाठी" अशी पाटी लावायची नाही. सगळ्यांनाच बोलवायचं, स्टुडंट कौन्सिलच्या पोरींनी आधी दोन ड्रेस उचलायचे, म्हणजे बाकीच्या येतात.

दुसरी अडचण शाळाच तयार करते. हरवलेलं पुस्तक, तुटलेला लॅपटॉप, जेवणाच्या खात्यातली थकबाकी, यांची एक यादी असते आणि त्यात नाव असलं की प्रॉमचं तिकीट मिळत नाही. ही यादी तिकीटविक्रीच्या दिवशी खिडकीवर उघड झाली तर मागे उभ्या असलेल्या दहा जणांसमोर मुलाला परत पाठवावं लागतं. ती मार्चमध्येच मागवा आणि एकेकाला बाजूला घेऊन सांगा. चाळीस डॉलरच्या पुस्तकापायी चार वर्षांची रात्र जाऊ देऊ नये, हप्ते पाडता येतात.

हप्त्यांवरून आठवलं, "लवकर घ्याल तर स्वस्त" ही योजना कमिटी दरवर्षी मांडते आणि मी दरवर्षी खोडते. उशिरा तिकीट घेणारा बहुतेक वेळा आळशी नसतो, त्याच्या घरी पगार महिनाअखेरीस होतो. जोडीला सवलत तर अजिबात नको. दोन तिकिटं १७० ला आणि एक ९५ ला, असं केलं की एकटा येणारा मुलगा जोडीने येणाऱ्यांचं ताट उचलतो.

फंडरेझर कुठले करावेत यावर फार लिहीत नाही, मॅचच्या वेळी खाण्यापिण्याचा स्टॉल सगळ्यात जास्त देतो, मोटारी धुण्याचा कार्यक्रम सगळ्यात कमी. एक नियम मात्र नव्या अ‍ॅडव्हायजरना माहीत नसतो: शाळेच्या वेळेत मुलांना चॉकलेटं विकता येत नाहीत, संघराज्याच्या पोषणाच्या नियमांमुळे. शेवटच्या घंटेनंतर अर्ध्या तासाने विका, काही हरकत नाही. ट्रेझररसाठी माझे दोनच हट्ट आहेत. रोकड दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची. आणि पैसे कधीही मुलाच्या स्वतःच्या मोबाइल अ‍ॅपच्या खात्यावर घ्यायचे नाहीत, कितीही सोयीचं असलं तरी. माझ्या एका ट्रेझररने घेतले होते, एक पैसाही खाल्ला नव्हता, तरी त्याला बिझनेस ऑफिसमध्ये बसून तीन महिन्यांची स्टेटमेंटं समजावून सांगावी लागली, आणि बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

आता टेबलं. दहाचं टेबल असतं आणि मित्र अकरा असतात. प्रॉमची सगळी रडारड या एका वाक्यात आहे. मुलांना नुसता तक्ता देऊन नावं लिहायला सांगितली तर पहिल्या दिवशी लोकप्रिय घोळके भरतात, आणि शेवटच्या दिवशी तीन-चार टेबलांवर उरलेसुरले लोक राहतात. ते एकमेकांकडे बघतात आणि त्यांना कळतं की आपण उरलेसुरले आहोत. मी तक्ता लावत नाही. प्रत्येकाने तिकीट घेताना कार्डावर तीन नावं लिहायची, ज्यांच्याबरोबर बसायला आवडेल अशी. मग एका शनिवारी मी, दोन मुली आणि एक मुलगा ती कार्डं जमिनीवर पसरून टेबलं लावतो. तीनपैकी किमान एक नाव प्रत्येकाला मिळतंच. ज्याने एकही नाव लिहिलेलं नसतं त्याला बँडवाल्यांच्या किंवा थिएटरवाल्यांच्या टेबलावर बसवते. ही मुलं नव्या माणसाला प्रश्न न विचारता खुर्ची सरकवून देतात. या कामाला सहा तास लागतात. पूर्ण प्रॉममध्ये कुठे पालकांची मदत घ्यायची असेल तर इथे घ्या, पिझ्झा आणून द्या आणि खोलीबाहेर थांबा.

बाहेरच्या शाळेतले पाहुणे आणायला फॉर्म लागतो. त्यावर त्यांच्या शाळेची सही, फोटो ओळखपत्र, आणि वय साधारणपणे २१ च्या आत. त्या फॉर्मवर "डेट" हा शब्द असेल तर काढून "गेस्ट" लिहा. ही नुसती सौजन्याची बाब नाही. १९८० मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या अ‍ॅरन फ्रिक नावाच्या विद्यार्थ्याला मुलाला सोबत आणायची परवानगी शाळेने नाकारली आणि संघराज्य न्यायालयाने शाळेला ती द्यायला लावली. २०१० मध्ये मिसिसिपीत कॉन्स्टन्स मॅकमिलन या मुलीला मैत्रिणीसोबत यायचं होतं, तर तिथल्या स्कूल बोर्डाने अख्खा प्रॉमच रद्द केला, न्यायालयाने तिच्या हक्कांचा भंग झाला असं म्हटलं आणि बोर्डाला ३५,००० डॉलरवर तडजोड करावी लागली. पालकांनी परस्पर आपला खाजगी प्रॉम केला आणि तिला वेगळ्याच, जवळजवळ रिकाम्या हॉलवर पाठवलं, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पालक समितीला सांगते. मिसिसिपीतल्याच चार्ल्स्टन गावात गोऱ्या आणि काळ्या मुलांचे प्रॉम २००८ पर्यंत वेगळे होत होते, अभिनेता मॉर्गन फ्रीमनने खर्च उचलल्यावर पहिला एकत्र झाला. कोण येऊ शकतं हा प्रश्न या समारंभाला सुरुवातीपासून चिकटलेला आहे. ड्रेसकोडही तसाच. काय झाकलेलं हवं ते सगळ्यांना सारखं लिहा, मुलींसाठी वेगळी लांबलचक यादी आणि मुलांसाठी "टाय घाला" एवढंच, असं नको.

सुरक्षिततेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे चूक दुरुस्त करता येत नाही. न्यू जर्सीत १७ व्या वर्षी जे प्रोबेशनरी लायसन्स मिळतं, त्यावर रात्री ११ वाजून १ मिनिटापासून पहाटे ५ पर्यंत गाडी चालवता येत नाही, आणि आईवडील किंवा कायदेशीर पालक सोबत नसतील तर गाडीत एकच प्रवासी बसवता येतो. आता बघा, किती शाळा प्रॉम ठरवतात ७ ते ११! म्हणजे बरोबर ११ वाजता, चाळीस मिनिटांच्या अंतरावरच्या हॉलमधून, आपण शंभर मुलांना कायदा मोडत घरी जायला सोडतो, आणि चौघं एका गाडीत बसली तर दोनदा मोडत. एकतर शाळेच्या बस करा, किंवा ६ ते १० ठेवा. मुलं कुरकुर करतात, पण साडेनऊपर्यंत त्यांचे पाय दुखायला लागलेलेच असतात.

लिमो आणि पार्टी बस हा पालकांचा खर्च, शाळेचा नाही, तरी शाळेने माहितीपत्रक द्यावं. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यू यॉर्कच्या स्कोहारी भागात लांबवलेल्या लिमोला अपघात होऊन २० माणसं गेली. प्रॉमची गाडी नव्हती ती, वाढदिवसाला निघालेले लोक होते, पण गाडी तपासणीत नापास झालेली होती आणि चालकाकडे तसली गाडी चालवायचं योग्य लायसन्स नव्हतं. कंपनीचा यूएसडॉट नंबर, म्हणजे संघराज्याच्या वाहतूक खात्याकडचा नोंदणी क्रमांक, मागा आणि त्या खात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. नंबर द्यायला का-कू करणाऱ्याला पैसे देऊ नका.

दारात काय तपासणार ते आधी लेखी कळवा आणि मुलांच्या व पालकांच्या सह्या घ्या: पिशव्या बघणार का, श्वासचाचणी करणार का, पकडलं तर पदवीदानाला बसू देणार का. ऐनवेळी काढलेला नियम वकिलाच्या पत्रापुढे टिकत नाही. दारं सुरू झाल्यापासून तासाभराने बंद, बाहेर गेलेल्याला परत आत नाही, आणि लवकर निघणाऱ्याच्या घरी फोन. शॅपरोन आम्ही पंधरा-वीस मुलांमागे एक ठेवतो, पण आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. स्वच्छतागृहांपाशी दोघी, पार्किंगला दोघे, आणि डान्स फ्लोअरच्या कडेला असे शिक्षक की जे स्वतः नाचत नाहीत. नर्स हवीच, आणि अ‍ॅलर्जीच्या मुलांची यादी किचनकडे हवी, आपल्या फोनमध्ये नव्हे.

जेवणावर फार डोकं चालवू नका. पहिल्या पाऊण तासात जे खातील तेच, नंतर कोणी ताटाकडे बघत नाही. म्हणून तीन कोर्सची पंगत टाळा, वेगवेगळे काउंटर लावा, शाकाहारी आणि हलाल पदार्थांवर मोठ्या अक्षरात पाट्या लावा. आणि शाकाहारी म्हणजे फक्त पास्ता, ही या हॉलवाल्यांची श्रद्धा मोडून काढा. डीजेला दोन याद्या द्या, वाजवायच्या गाण्यांची आणि न वाजवायच्या गाण्यांची. दुसरी जास्त महत्त्वाची. एक छोटी खोली शांत ठेवा, मंद दिवा, पाणी, चार खुर्च्या. आमच्याकडे दरवर्षी तीसेक मुलं तिथे येऊन दहा मिनिटं बसतात आणि परत जातात. ती खोली नसती तर त्यातली निम्मी घरी गेली असती.

थीमचं काय? मुलांना ठरवू द्या. तारे, पॅरिस, समुद्राखालचं जग, काहीही निघेल, सगळं तेच निळं कापड आणि त्याच दिव्यांच्या माळा.

त्या रात्री पालकांनी एक टेबल मात्र सांभाळावं, दाराच्या आतल्या बाजूला. सेफ्टी पिना, सुई-दोरा, डबल टेप, केसांच्या पिना, बँडएड, डाग काढायची कांडी, आणि एका टोपलीत स्वस्तातल्या स्लिपर्स, मोठ्या मापाच्या. मुलगे छातीवर लावायचं फूल हातात धरून येतात, कारण ते लावायचं कसं हे घरी कुणालाच माहीत नसतं: कोटाच्या पट्टीच्या मागून पिन आत घालायची, देठ आडवं पकडायचं, पिन परत मागेच बाहेर काढायची, म्हणजे टोक दिसत नाही आणि टोचत नाही. एका वर्षी एका मुलीच्या ड्रेसची चेन दारातच तुटली, पाठ कमरेपर्यंत उघडी. ती रडत नव्हती, नुसती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला मागच्या खोलीत नेऊन ड्रेस अंगावरच काळ्या दोऱ्याने शिवला, ड्रेस हिरवा होता, माझ्याकडे दुसरा रंग नव्हता. वीस मिनिटं लागली. तिचा गट तेवढा वेळ दाराबाहेर फोटो न काढता थांबला होता. साडेनऊला ती मला स्लिपर घालून नाचताना दिसली, टाके धरून होते.

नंतरच्या पार्टीचं. मेन राज्यात १९७९ च्या पदवीदानाच्या हंगामात दारूपायी मुलांचे अपघात झाले, त्यानंतर तिथे रात्रभर शाळेतच दारूविरहित कार्यक्रम ठेवायची पद्धत सुरू झाली, तिला प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन म्हणतात आणि आता ती देशभर आहे. तुमच्या शाळेत असेल तर जरूर नाव द्या. नसेल तर मुलं समुद्रावर जातात, सीसाइड हाइट्स किंवा वाइल्डवुडला घर भाड्याने घेऊन. त्या घराच्या करारावर सही करणारे मोठे माणूस तुम्ही होऊ नका. बाकीचे आईबाप कितीही गोड बोलले तरी. दारू पिण्याचं वय २१ आहे, आणि आत काय झालं याचं उत्तर सही करणाऱ्याला द्यावं लागतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कुणाबरोबर जायचं यात पडू नका. आता निम्म्याहून जास्त मुलं घोळक्याने जातात, "बरोबर जाणं" म्हणजे बऱ्याचदा एकत्र फोटो आणि एकाच गाडीत बसणं एवढंच. मोठा बोर्ड रंगवून सगळ्यांसमोर विचारायची पद्धत आहे, प्रॉमपोझल म्हणतात. त्यात नाही म्हणायची सोय नसते. म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा की समोर हसून हो म्हटलं आणि रात्री निरोप पाठवून नाही म्हटलं तरी ते चालतं. तुम्ही तीनच गोष्टी विचारा: गाडी कोण चालवणार, नंतर कुठे जाणार आणि तिथे मोठं कोण असेल, किती वाजता घरी. मुलाचं नाव, त्याचं गाव, त्याचे आईवडील काय करतात, हे विचारलंत की त्या तीन प्रश्नांची उत्तरंही मिळायची बंद होतात. माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी मी हेच केलं होतं, म्हणून सांगते.

प्रॉम झाल्यावर हॉलचं अंतिम बिल आठवड्याभरात येतं. ते अ‍ॅडव्हायजरने बघून पुढे पाठवायचं असतं, पण आधी ट्रेझररच्या हातात द्या. दारातल्या यादीवर किती खुणा आहेत आणि बिलात किती ताटं आहेत, हे तिने स्वतः मोजावं. आमच्या एका वर्षी सहा ताटं जास्त लावली होती, ती माझ्या नजरेतून सुटली, सोळा वर्षांच्या ट्रेझररने पकडली. ५२७ डॉलर परत आले. पदवीदानाच्या टोप्या-झग्यांचे पैसे भरायचे राहिलेली काही मुलं होती, तिकीट न घेतलेल्यांच्या यादीतलीच बरीचशी. कमिटीने ते पैसे तिकडे वळवले, आणि कोणी भरले हे त्या मुलांना शेवटपर्यंत कळलं नाही.